हार्लेममधला तो फोटो : ५७ जण, एक जिना आणि सकाळचे दहा

खर्जातला_सा (धागाकर्ता)

परवा रात्री झोप येईना म्हणून 'द टर्मिनल' परत लावला, तो टॉम हँक्स विमानतळावर अडकून पडतो तो. पूर्वी बघितला तेव्हा शेंगदाण्याच्या डब्यात काय निघतं ते कळल्यावर माझं "हात्तिच्या, एवढंच?" असं झालं होतं. बापाने १९५८ साली पेपरात जॅझ वाजवणाऱ्यांचा एक फोटो बघितला, मग चाळीस वर्षं पत्रं पाठवून त्यातल्या सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या, एकाची तेवढी राहिली, आणि बाप गेल्यावर पोरगा ती घ्यायला न्यूयॉर्कला येतो. राहिलेला माणूस सॅक्सवाला बेनी गोल्सन, आणि सिनेमात खराखुरा गोल्सनच आहे.

यावेळी सिनेमा थांबवून फोटो शोधला, मोठा करून बघितला, आणि आता तीन दिवस तोच उघडून बसतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तारीख १२ ऑगस्ट १९५८, मंगळवार. जागा हार्लेम, १७ ईस्ट १२६ वा रस्ता, फिफ्थ आणि मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूच्या मधे. फोटो काढणारा आर्ट केन, छापला 'एस्क्वायर' मासिकाने, जानेवारी १९५९ च्या अंकात. फोटोत ५७ वादक-गायक आणि फुटपाथच्या कडेला ओळीने बसलेली गल्लीतली पोरं.

माझा प्रश्न सरळ आहे. फोटो म्हणून यात एवढं थोर काय? चेहरे मुगाच्या दाण्याएवढे, निम्मे लोक कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, कोण कोणाच्या मागे लपलंय पत्ता नाही. आणि पिढीचा फोटो म्हणावा तर ड्यूक एलिंग्टन नाही, लुई आर्मस्ट्राँग नाही, माइल्स नाही, कोल्ट्रेन नाही, एला नाही, बिली हॉलिडे नाही. मग ही कसली पिढी? तरी बघतच राहावंसं वाटतं, हेही खरं. का ते सांगा.

उगाचच

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवांत_नीलिमा

मस्त विषय. वाचनखूण साठवली.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेळेची आहे. बोलावलं होतं सकाळी दहाला. रात्री क्लबात वाजवून पहाटे घरी येणारी ही माणसं. दिवसात दहा दोनदा वाजतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं, असा विनोद त्यांच्यातल्याच एकाने केला होता म्हणे. म्हणजे बरेच जण बहुतेक झोपलेच नसतील, तसेच आले असतील. तरी कपडे बघा, सूट, टाय, हॅट, सगळं कडक. ऑगस्टच्या उन्हात.

फ्रेमबाहेरचा

मी अकरा वर्षं पोटापाण्यासाठी ग्रुप फोटो काढलेत. शाळा, ऑफिसं, लग्नं. त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा माझा हक्क आहे असं समजतो :)

ग्रुप फोटोचा आमच्या धंद्यातला नियम एकच, गर्दीला गप्पांच्या मूडमधे जाऊ द्यायचं नाही. उंच मागे, बुटके पुढे, मान्यवर खुर्चीत. मी "एक, दोन, तीन" म्हणतो आणि दोनलाच बटण दाबतो, कारण तीनपर्यंत सगळे श्वास रोखून पुतळे झालेले असतात. पन्नास माणसांच्या वर गेलं की दहा मिनिटांत काम उरकावं लागतं, नाहीतर लोक गप्पा मारायला लागतात आणि मग संपलंच.

केनचं नेमकं तेच झालं. मुळात तो तेव्हा फोटोग्राफर नव्हताच, 'सेव्हन्टीन' मासिकाचा आर्ट डायरेक्टर होता, वय ३३, आणि हे त्याचं फोटोग्राफर म्हणून पहिलं मोठं काम. सगळ्यांना हार्लेममधे एका जागी जमवायचं ही कल्पनाही त्याचीच. आणि जमले तर काय, कोणी ऐकेचना! वर्षानुवर्षं न भेटलेली माणसं गळ्यात पडतायत, किस्से सांगतायत, आणि हा रस्त्यापलीकडे उभा राहून पेपरची पुंगळी करून त्यातून ओरडतोय. २०१८ मधे त्याच्या बाकीच्या फ्रेम्सचं पुस्तक निघालं, त्यात दिसतं की बराच वेळ कोणी याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीये.

तर धागाकर्त्याच्या "निम्मे लोक कॅमेऱ्याकडे बघत नाहीत" याला माझं उत्तर: निम्मे बघतायत हेच नवल आहे. आणि मी काढला असता तर सगळे बघत असते, आणि आज तो फोटो कोणी उघडलाही नसता. कबूल करायला जड जातंय.

तिरकस_तात्या

छान छान. आता जरा थंड पाणी ओततो.

हा एका मासिकाचा स्टंट होता. गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी पुरुषांसाठीचं मासिक, त्यांना जॅझवर विशेषांक काढायचा होता, "सुवर्णयुग" वगैरे लेबल लावायचं होतं, म्हणून हार्लेममधल्या एका जिन्यासमोर मंडळी उभी केली. सगळे कसे हसतायत. आता याच लोकांचं खरं आयुष्य बघा. न्यूयॉर्कमधे दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागायचं. पियानोवाल्या थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ मधे काढून घेतलं, १९५७ पर्यंत या माणसाला स्वतःच्या शहरातल्या क्लबात वाजवता आलं नाही. बिली हॉलिडेचं १९४७ मधेच गेलं. आणि फोटोनंतर वर्षभरातच, २५ ऑगस्ट १९५९ ला, बर्डलँड क्लबच्या दारात सिगरेट ओढत उभ्या असलेल्या माइल्स डेव्हिसला पोलिसांनी डोकं फुटेपर्यंत मारलं. आत त्याचाच कार्यक्रम चालू होता.

हे फोटोत दिसत नाही. म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

खर्जातला_सा

तात्या, कॅबरे कार्डाचं माहीत नव्हतं. सहा वर्षं?? मग १९५८ चा मंक म्हणजे नुकताच सुटलेला माणूस म्हणायचा.

तबला_आणि_चहा

हो, आणि म्हणूनच तो ऑगस्ट त्याच्यासाठी खास होता. तेव्हा तो 'फाइव्ह स्पॉट' क्लबात वाजवत होता, सॅक्सवर जॉनी ग्रिफिन. ७ ऑगस्टला तिथलं वादन रेकॉर्ड झालं आणि पाच दिवसांनी दोघंही या फोटोत आहेत. ती रेकॉर्डिंग्ज ऐकून मग फोटो बघा, मंकचा चेहरा वेगळा दिसतो. निदान मला दिसतो.

तात्यांशी अर्धा सहमत. पण "उभी केली" हा शब्द नाही पटला. फ्रेमबाहेरचा यांनी वर लिहिलंय तसं, केनला कोणालाच उभं करता आलं नव्हतं.

निवांत_नीलिमा

मंकचा किस्सा कोणीच कसा सांगितला नाही अजून! त्याला न्यायला टॅक्सी आली, ती तासभर खाली थांबली आणि हा वर कपडे बदलतोय. शेवटी उतरला तो फिक्या रंगाचं जॅकेट घालून. हिशोब असा की बाकी सगळे गडद सूट घालून येणार, म्हणजे मी उठून दिसणार. आणि उभा कुठे राहिला? मेरी लू विल्यम्स आणि मरियन मॅकपार्टलंड या पियानो वाजवणाऱ्या दोन बायकांच्या शेजारी, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाणार. काळा गॉगल लावून अगदी निरागस उभा आहे. हसून हसून पुरेवाट.

मुक्तछंदी

नीलिमाताई, हा किस्सा सगळीकडे असाच सांगतात आणि मला दरवेळी थोडा राग येतो. मेरी लू विल्यम्स म्हणजे सुंदर बाई म्हणून शेजारी उभं राहायची गोष्ट नव्हे हो. चाळीसच्या दशकात हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी ही सगळी पोरं पडीक असायची. स्वतःच्या चाली तिला ऐकवायची, ती चुका काढायची. आपल्या भाषेत तालीमच की. मंक तिच्या बाजूला उभा आहे तो गुरूशेजारी उभा राहावं तसा, असं मी बघते. जॅकेटचा किस्सा खरा असेल, पण जागेचं कारण तेवढंच असेल असं नाही.

आणि मोजा जरा, ५७ मधे बायका तीन. तिसरी मॅक्सिन सलिव्हन, गायिका. बस्स.

निवांत_नीलिमा

मुक्तछंदी, मान्य. मला ते तालमीचं माहीत नव्हतं. आता फोटो परत बघितला तर त्या दोघी एकमेकींशी बोलतायत, कॅमेरा गेला उडत. मंकला प्रेक्षक मिळाले, त्यांना मंकची गरज नव्हती.

उगाचच

मंक बिचारा तासभर कपडे बदलून आला आणि अख्खा फोटो डिझी गिलेस्पीच्या जिभेने खाल्ला.

घराणेदार

जिभेचा संदर्भ कळला नाही त्यांच्यासाठी: फोटोच्या अगदी उजव्या टोकाला बघा. डिझी जीभ बाहेर काढून उभा आहे आणि त्याच्या पुढचा एक माणूस मान वळवून मागे त्याच्याकडे बघतोय. तो रॉय एल्ड्रिज. हा कोपरा मोठा करून बघाच.

माझ्या मते अख्खा इतिहास त्या कोपऱ्यात आहे. रॉय मोठा, जन्म १९११ चा. डिझी १९१७ चा. डिझी तरुणपणी रॉयचीच नक्कल करून ट्रम्पेट शिकला, हुबेहूब त्याच्यासारखा वाजवायचा. मग त्याने आणि सॅक्सवाल्या चार्ली पार्करने बीबॉप ही नवी शैली काढली, जिच्यामुळे रॉयची पिढी रातोरात जुनी ठरली. सहा वर्षांचं अंतर, पण घराणं बदललं. आपल्याकडे असं झालं असतं तर दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नसतं आयुष्यभर. इथे चेला मागून जीभ काढतोय आणि गुरू "काय रे गाढवा" म्हणून वळलाय. नेमकं त्या क्षणी बटण दाबलं गेलं.

फ्रेमबाहेरचा

घराणेदार, क्या बात. माझ्या धंद्यात ही फ्रेम रद्द झाली असती. "सर, पुढे बघा."

नवशिका_कान

मी जॅझमधला अगदी ढ आहे. बीबॉप, स्विंग, स्ट्राइड हे शब्द नुसते ऐकलेत. कोणी सोप्यात सांगेल का फोटोत कोण कुठल्या गटातलं?

घराणेदार

ढोबळ सांगतो, जाणकारांनी बोलणी खायला घालू नयेत. स्ट्राइड म्हणजे जुनं पियानो-वादन, डावा हात खाली बास आणि वर स्वर असा झोके घेत राहतो, एकटा माणूस अख्ख्या वाद्यवृंदाचं काम करतो. फोटोत लकी रॉबर्ट्स त्या पिढीचा, १८८० च्या दशकात जन्मलेला. स्विंग म्हणजे तीसच्या दशकातले मोठे बँड, लोक नाचायचे त्यावर. काउंट बेसी आहे, आणि त्याच्या जुन्या बँडातले तर किती जण हजर आहेत, लेस्टर यंग, जो जोन्स, बक क्लेटन, डिकी वेल्स, गायक जिमी रशिंग. बीबॉप म्हणजे नाच बंद, खाली बसून ऐका, लय दुप्पट आणि स्वरांची गुंतागुंत. डिझी, मंक. त्यांच्या पुढचे आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर, मिंगस, सॉनी रोलिन्स, गोल्सन. रोलिन्स तेव्हा फक्त २७ वर्षांचा.

म्हणजे आजोबापासून नातवापर्यंत सगळे एका जिन्यावर. धागाकर्ते, "ही कसली पिढी" विचारलंत ना? ही एक पिढी नाहीच. तीन-चार आहेत.

तबला_आणि_चहा

ढोलवाल्यांची बाजू मी लढवतो. जीन क्रुपा आहे, ज्याने १९३८ मधे बेनी गुडमनबरोबर कार्नेगी हॉल गाजवला. ब्लेकी आहे, सॉनी ग्रीअर आहे, झुटी सिंगलटन आहे. आणि जो जोन्स आहे, ज्याने ताल खालच्या मोठ्या ड्रमवरून उचलून वरच्या झांजांवर नेला. आपण तबला ऐकणारे लोक, डग्गा-चाटीच्या भाषेत विचार केला की चटकन कळतं काय फरक पडला असेल ते.

याच जो जोन्सची एक गोष्ट. तीसच्या दशकात कॅन्सस सिटीत एक कोवळा पोरगा जॅम सेशनमधे घुसला, वाजवता वाजवता भरकटला, तर जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. खणकन. हॉल हसला. तो पोरगा चार्ली पार्कर. पुढे काय झालं सगळ्यांना माहितीये. १९५८ च्या फोटोत झांज फेकणारा आहे, ज्याच्या पायाशी पडली तो नाही. पार्कर १९५५ मधेच गेला, वय ३४.

तिरकस_तात्या

हे चांगलं सांगितलंत.

पण मी माझा मुद्दा सोडत नाही :) सुवर्णयुग म्हणून अंक बाजारात आला जानेवारी ५९ मधे. आणि खुद्द १९५९ मधे काय झालं? माइल्सचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम. सॅक्सवाला ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कमधे येऊन सगळ्यांची झोप उडवून गेला. कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं. म्हणजे ज्यांनी पुढचं दार उघडलं ते तिघंही फोटोत नाहीत. फोटो कसला, निरोपसमारंभ आहे तो.

मुक्तछंदी

तात्या, बेसवाला मिंगस विसरलात. 'मिंगस आह अम' पण ५९ चंच. आणि त्यात 'गुडबाय पोर्क पाय हॅट' आहे, ते कोणासाठी केलंय? लेस्टर यंगसाठी. फोटोत लेस्टर तीच चपटी हॅट घालून उभा आहे. सात महिन्यांनी, १५ मार्च ५९ ला, तो गेला. मिंगसने मे महिन्यात ती चाल रेकॉर्ड केली. दोघं एकाच फोटोत आहेत आणि एकाला दुसऱ्यासाठी काय लिहावं लागणार आहे याचा पत्ता नाही. बिली हॉलिडे, जिला 'लेडी डे' हे नाव लेस्टरनेच दिलं, ती त्याच जुलैमधे गेली.

निरोपसमारंभ म्हणालात ते इथपुरतं बरोबर. पण निरोप देणारेही त्याच फोटोत आहेत ना.

तिरकस_तात्या

हं. घ्या, एक गुण तुम्हाला.

सहज_डोकावलो

आपल्याकडच्या गवयांचा असा फोटो निघाला असता का? पहिल्या रांगेत कोण यावरूनच

घराणेदार

त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे रणकंदन नको. (पण निघाला नसता.)

उगाचच

निघाला असता, प्रत्येकाचा वेगवेगळा.

दूरदेशी

उशिरा लिहितेय. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त न्यूयॉर्कला होते तेव्हा मुद्दाम त्या गल्लीत गेले होते. १२५ व्या रस्त्याच्या रेल्वे स्टेशनवरून चालत अगदी जवळ. मी मोबाइलवर फोटो उघडून रस्त्याच्या पलीकडे उभी, खिडक्या जुळवतेय, एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे. मधे पार्क केलेल्या गाड्या, त्यामुळे फुटपाथची कड दिसेना. कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा थांबले, माझ्या फोनकडे बघितलं आणि न विचारताच म्हणाले, "अजून मागे जा, तो अजून मागे होता." म्हणजे माझ्यासारखे येडे रोज येत असणार.

मला जागा फार लहान वाटली. फोटोत केवढी गर्दी सामावलीये, प्रत्यक्षात एक जिना आणि दोन बाजूंच्या घरांचा थोडा भाग. याच जागी १९९८ मधे गॉर्डन पार्क्सने हिप-हॉपवाल्यांचा असाच फोटो काढला, 'एक्सएक्सएल' मासिकासाठी, तेव्हा १७७ जण आले. कसे मावले देव जाणे. तोही बघा, जुन्याला वाकून नमस्कार केल्यासारखा आहे.

आणि फुटपाथवरच्या पोरांबद्दल कोणीच बोललं नाही! पोरांची ती ओळ ठरवून नव्हती, गल्लीतली होती, गंमत बघायला आली. बेसी उभं राहून दमला आणि सरळ त्यांच्यात जाऊन फुटपाथच्या कडेला बसला. त्याच्या शेजारचा पोरगा ट्रम्पेटवाल्या टॅफ्ट जॉर्डनचा. बाकी पोरांना हा माणूस कोण आहे याचं काही घेणंदेणं नाही.

फ्रेमबाहेरचा

दूरदेशी, ती पोरं नसती तर फोटो कोसळला असता, हे तंत्राचं सांगतो. खालची ती ओळ एकमेव सरळ रेघ आहे फोटोत, तिच्यावर वरचा सगळा गोंधळ उभा आहे. केनला नको होती असणार ती, आधी हुसकायचा प्रयत्न केला असेल असा माझा अंदाज. आम्ही तेच करतो.

नवशिका_कान

अजून काही बघायला मिळेल का यावर?

घराणेदार

जीन बाख यांची 'अ ग्रेट डे इन हार्लेम' ही डॉक्युमेंटरी, १९९४ ची, ऑस्करला नामांकन होतं. तासाभराची आहे. त्यातला जीव म्हणजे घरगुती चित्रीकरण. बेस वाजवणारा मिल्ट हिंटन स्वतः कायम कॅमेरा घेऊन फिरायचा, त्याने त्या दिवशी फोटो काढले, आणि बायकोच्या, मोनाच्या, हातात आठ मिलिमीटरचा मूव्ही कॅमेरा दिला. तिने सहज म्हणून घेतलेल्या रिळांमुळे आज ही माणसं चालताना, मिठ्या मारताना दिसतात. व्यावसायिकाने एक क्षण पकडला, घरच्या बाईने अख्खी सकाळ.

खर्जातला_सा

बघितली काल रात्री. मोनाबाईंना दंडवत.

आणि मूळ प्रश्नाकडे येतो. मी प्रिंट काढून आणली, पेन्सिल घेऊन नावं जुळवत बसलो. एक बिल क्रम्प म्हणून आहे, त्याच्याबद्दल जॅझवाल्यांनाही फारसं काही ठाऊक नाही. एवढ्या दिग्गजांत उभा आहे, मिळालेल्या हक्काने. गोल्सनही तेव्हा नवखा होता, आपल्याला का बोलावलं याचंच त्याला आश्चर्य. २०२४ च्या सप्टेंबरात तो गेला तेव्हा ५७ मधला एकटा रोलिन्स उरला होता. ड्यूक नाही, लुई नाही म्हणून मी कुरकुरत होतो, पण ते दोघं असते तर सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या असत्या. क्रम्पकडे कोणी बघितलंच नसतं, मीसुद्धा.

पण मला सगळ्यात जास्त विली 'द लायन' स्मिथने छळलंय. केवढा मोठा पियानोवाला, ड्यूक ज्याला मानायचा असा. तो आला होता, इतर फ्रेम्समधे लकी रॉबर्ट्सबरोबर दिसतोही. मग उभं राहून कंटाळला, शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन बसला आणि नेमका तेव्हाच हा फोटो निघाला. म्हणजे ५८ जण होते. मी आता फोटो बघताना कडेपाशी येऊन थांबतो, अजून दोन हात चौकट असती तर दिसला असता असं वाटत राहतं. ५७ माणसं आहेत आणि मी नसलेल्याला शोधतोय.

मुक्तछंदी

आता कळलं ना तीन दिवस का उघडून बसला होतात ते.

तिरकस_तात्या

लायन पायरीवर बसला, म्हणजे अख्ख्या फोटोत माझ्या स्वभावाचा तोच एक होता, आणि नेमका तोच फोटोत नाही. प्रिंट कुठून काढलीत? मापं काय?

खर्जातला_सा

तात्या, व्यक्तिगत निरोप केलाय :) मोठीच काढा, लहानात डिझीची जीभ दिसत नाही.

झोपाळू_पक्षी

धागा आत्ता बघितला. दहा म्हणजे मला रात्रीचे दहा वाटले होते. फोटो निघाला का?